वेखंडाचं उसनं नाव

जपानच्या पाणथळ आयरिसांत सगळ्यात देखणा हानाशोबू. नावाची फोड केली की हाती येतं ‘फुलाचं वेखंड’. तेच वेखंड, जे आपण सहाणेवर उगाळून बाळाला घुटीत देतो! दोघांचं कूळ वेगळं. पान चुरगळून पाहा: वेखंड घमघमतं, आयरिसला तो वास नाही. वेखंडाचा फुलोरा म्हणजे बोटाएवढं हिरवट कणीस. साम्य एवढंच की, दोघांचीही तलवारीसारखी पाती ओल्यात उभी असतात.

मग नाव उसनं का? सामुराईंना तलवारीचं पान भावलं, शिवाय ‘शोबू’चा उच्चार ‘शौर्याचा आदर’ या अर्थाच्या शब्दाशी जुळतो, असं ठरावीक उत्तर मिळतं. मला ते उलटं वाटतं. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी घरादारावर वेखंड खोचल्याचं वर्णन इ.स. १०००च्या सुमारास दरबारी लेखिका सेई शोनागॉनने केलंय. सामुराईंची सत्ता त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी आली. म्हणजे आधी रोगराई पळवणारा वास, तलवार मागाहून चिकटली. ‘मान्योशू’ या प्राचीन काव्यसंग्रहातलं आयामेगुसाही वेखंडच. आज ‘आयामे’ म्हणतात तो मात्र आयरिस, आणि तोही कोरड्या कुरणातला! वेखंडाचं नाव असं दोनदा आयरिसवर घसरलं, ते पात्यावरूनच. युरोपातही तेच: १७५३ साली लिनियसने पिवळ्या पाणथळ आयरिसचं जे नाव कायम केलं, त्याचा अर्थ ‘खोटं वेखंड’.

बागेतल्या हानाशोबूचं माहेर असाकाची दलदल, ही परंपरागत हकिगत. १६८९ साली हायकूकार बाशो तिथे ‘हानाकात्सुमी’ हुडकत दिवसभर फिरला, पण कोणालाच ते फूल ठाऊक नव्हतं. ते हानाशोबूच की दुसरं काही, हा वाद अजून मिटलेला नाही. रानटी हानाशोबू जपानभरच्या ओल्या कुरणांत उगवतो, तेव्हा असाकाला एवढा मान कशाला?

पुढचं सर्वश्रुत आहे. मात्सुदायरा सादातोमो या सरदाराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जन्मभर रोपं निवडली. तीन लोंबत्या पाकळ्यांच्या जांभळ्या रानफुलातून सहा पाकळ्यांची, पांढरी, निळी, रेघाळ फुलं आली. चित्रकार हिरोशिगेने १८५७ साली होरिकिरीच्या हानाशोबू-बागेचं चित्र काढलं. बागवानाला सोयीचं म्हणजे हे झाड वाढीच्या दिवसांत भरपूर पाणी पितं. हिवाळ्यात मात्र मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही.

एक रंग तेवढा साधेना, पिवळा. विसाव्या शतकात तो मिळाला, त्या ‘खोट्या वेखंडा’शी संकर करून.