हिराबाईंची तबकडी

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी बायकांनी गाण्याच्या जलशाला जायचे नाही, असा आजोबांचा दंडक होता. फोनोला मात्र त्यांची हरकत नव्हती. रात्रीची जेवणे आटोपली की मी चावी द्यायची, सुई बदलायची (तीही काटकसरीने, एक सुई तीनचारदा वापरून!) आणि आजीने माजघराच्या उंबऱ्याआड बसून ऐकायचे. तबकडी बहुधा हिराबाई बडोदेकरांची असे.

दंडक काही आमच्याच घरचा नव्हता. बाईचे गाणे म्हटले की पांढरपेशांच्या डोळ्यांपुढे बैठक, दौलतजादा आणि अदा हेच उभे राही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी १९०५ साली मिरजेस जन्मली आणि १९२१ साली मुंबईस पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या संगीत परिषदेत गायली. पुढे तर हिराबाईंनी तिकीट लावून जलसे केले. बाईमाणसाने तिकीट लावून चारचौघांत गावे, हे त्या वेळी केवढे धाडस! बसणे ताठ, हातवारे नाहीत, अंगभर पदर. शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाला बसाव्यात तशा त्या बसत.

तालीम लाभली ती बंधू सुरेशबाबूंची आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँची. खाँसाहेबांचे गाणे अतिविलंबित. एकेका सुराशी ते किती वेळ रेंगाळत, याला सुमार नसे. आणि अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांत संपे! किराणा गायकीचा विस्तार त्यात बसवायचा कसा? पुष्कळ गवई अशा वेळी ताना कोंबीत. हिराबाईंनी घाई केली नाही. पहिला सूर नीट लागला की पुढचे आपोआप मावते, असे त्यांची तबकडी ऐकताना वाटते. माझ्या मते त्यांच्या तासाभराच्या मैफलीइतकीच मोठी कामगिरी ही आहे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि अशा आवाजांना घरात यायला दुसरी वाट मिळाली. तबकडी निदान विकत आणावी लागे. नभोवाणीवरचा आवाज विचारल्यावाचूनच माजघरात शिरे. पुढे १९७० साली हिराबाईंना पद्मभूषण मिळाले, १९८९ साली त्या गेल्या. परंतु त्यांचा खरा मान मला आठवतो तो १९५४च्या सुमाराचा.

त्या वर्षी पुण्यात त्यांचा जलसा होता. आजोबांनी काही न बोलता दोन तिकिटे माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “हिला घेऊन जा.” आजी लग्नातली पैठणी नेसली. थिएटरात ती शब्द बोलली नाही. परत येताना टांग्यातही नाही. घरी आल्यावर चपला काढता काढता आजोबांना म्हणाली, “अहो, त्या बाई पदर अगदी आपल्यासारखाच घेतात हो.”

आजोबांनी मला फोनोला चावी द्यायला सांगितले. त्या रात्री आजी उंबऱ्याच्या बाहेर येऊन बसली.