सालीचा वास आणि बाटलीतला थेंब



गेल्या महिन्यात नातवाचा वाढदिवस नेमका अष्टमीला आला. सूनबाई बिनअंड्याचा रव्याचा केक करणार होती. कृतीत एका लिंबाची किसलेली साल होती आणि आमच्या घरी अष्टमी-चतुर्दशीला हिरवं वर्ज्य. पालघरहून आणलेली छोटी बाटली दाखवत ती म्हणाली, "आई, हे लिंबाचं तेल आहे. हे हिरव्यात धरायचं का?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. मी कॉमर्सची पदवीधर. जमाखर्चात एखादी रक्कम दिसली की ती आली कुठून हे आधी बघायचं, ही जुनी सवय. तेलाचंही मी तेच केलं.

लिंबू-संत्र्याच्या कुळाचं मूळ हिमालयाच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी, आसाम-ब्रह्मदेशाच्या बाजूला. आपला 'नारंग' शब्द फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि त्याचंच पुढे 'ऑरेंज' झालं. फळ आपल्याकडचं, पण साल किसून पिठात घालायची रीत आपली नव्हे. आपण सालीची चव घेतली ती लिंबाच्या लोणच्यातून. किसलेली साल आपल्या घरात आली ती केकबरोबर.

वास असतो तो सालीच्या वरच्या रंगीत थरातल्या बारीक पिशव्यांत. नागपुरी संत्रं सोलताना डोळ्यांत फवारा उडतो ना, तेच हे तेल. खालचा पांढरा थर मात्र कडू, म्हणून किसताना हात हलका ठेवायचा.

हे तेल काढायचा मोठा धंदा वाढला इटलीच्या दक्षिण टोकाला, सिसिली आणि कालाब्रियात. कामगार सालीचे तुकडे स्पंजावर दाबायचे, स्पंज तेल शोषून घ्यायचा आणि मग तो भांड्यात पिळायचा. १८४४ साली कालाब्रियात निकोला बारिल्ला यांनी बर्गामोट नावाच्या लिंबूवर्गीय फळासाठी हाताने फिरवायचं यंत्र बनवलं. आजही चांगलं तेल उष्णता न देता, साल दाबूनच काढतात. शंभर किलो फळांतून ते अर्ध्या किलोच्या आसपास निघतं. संत्र्याचं तेल तर आता रसाच्या कारखान्यांत रसाबरोबरच मिळतं, म्हणून ते स्वस्त.

संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. लिंबाचा खास वास येतो तो सिट्रालमुळे. लिंबाच्या तेलात ते थोडंसंच असतं, पण गवती चहाच्या तेलात सत्तर-ऐंशी टक्के! म्हणून गवती चहाला लिंबाचा वास. आणि म्हणूनच 'लेमन' लिहिलेल्या बाटलीत लिंबू असेलच असं नाही. आम्ही बोईसरकर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहतो. वास कारखान्यातही तयार होतो, हे आम्हाला वेगळं सांगायला नको.

आपल्यासाठी खरी गोम पुढे आहे. तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून लेमन एक्स्ट्रॅक्टमध्ये ते मद्यार्कात विरघळवतात. बाजारातल्या काही इसेन्समध्येही मद्यार्क असतो, काहींत प्रॉपिलीन ग्लायकॉल. हिरवा ठिपका सांगतो की त्यात मांस-अंडं नाही. मद्यार्काबद्दल तो काहीच सांगत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी नारळाच्या बर्फीत लेमन इसेन्स घातलं होतं. सासूबाईंनी आवडीने दोन वड्या खाल्ल्या. रात्री बाटली आवरताना बारीक अक्षरांतलं 'अल्कोहोल' वाचलं आणि हातपाय गार पडले. मद्य-मांस-मधाचा त्याग त्यांनी जन्मभर सांभाळलेला. दोन दिवस मी गप्प राहिले, मग राहवेना, सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी मीठ सोडलं आणि एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी वाचून आण." त्या आज नाहीत. पण तेव्हापासून माझा चष्मा स्वयंपाकघरातच असतो.

तेल घ्यायचं तर लेबलावर 'खाद्य' आणि 'कोल्ड प्रेस्ड' हे दोन्ही बघा. अगरबत्तीच्या, सुगंधाच्या दुकानातलं तेल स्वयंपाकात नको. एका लिंबाच्या सालीऐवजी दोन-तीन थेंबांनी सुरुवात करा. जास्त झालं तर फरशी पुसल्यासारखा वास येतो. थेंब आधी साखरेत किंवा तुपात चोळून घ्या. बर्फी-शिऱ्यात आच बंद केल्यावरच घाला, नाहीतर वास उडून जातो. तेलाने आंबटपणा येत नाही, तो रसानेच येतो. बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. जुनं झालं की त्याला खवट वास येतो.

आता सूनबाईचा प्रश्न. तिची बाटली मी वाचली, शुद्ध तेल होतं, मद्यार्क नव्हता. हिरव्यात धरायचं की नाही, हे तुम्ही आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे किंवा महाराजांना विचारून ठरवा. मी तिला म्हटलं, "अगं, तेल हिरवं नसेलही. पण एक दिवस लिंबू सोडायचं म्हणायचं आणि त्याचाच वास शोधत बसायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. आज वेलची घाल."

तिने वेलची घातली. सूर्यास्ताआधी केक कापला, नातवाने तीन तुकडे खाल्ले. लिंबाच्या तेलाचा केक आम्ही दशमीला केला.