पुनरावर्तनाचें यंत्र आणि त्याची झीज

वाद्य झिजतें, ही गोष्ट वाजविणाऱ्यास नवी नाहीं. तंबोऱ्याच्या तारा बदलाव्या लागतात. घोडीवर तारांच्या खांचा पडल्या म्हणजे जवारी पुन्हां लावून घ्यावी लागते. तबल्याची पुडी नवी चढवावी लागते. या झिजेची तजवीज आपल्या परंपरेनें फार पूर्वींच करून ठेविली आहे, व मिरजेसारख्या गांवीं ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासणारे कारागीरही आहेत. परंतु अलीकडे वाद्यांच्या पंक्तीस असें एक उपकरण येऊन बसलें आहे कीं, तें झिजलें असतां काय टाकावें व काय राखावें, याचा निर्णय सहज होत नाहीं. तें उपकरण म्हणजे लूप पेडल.

वादकाच्या पायाशीं ठेवावयाची ही लहानशी पेटी. कळ एकदां दाबली म्हणजे वादक जें वाजवील तें ती टिपून घेते. दुसऱ्यांदा दाबली म्हणजे तेंच आवर्तन अखंड ऐकवूं लागते, आणि त्यावर आणखी थर चढवितां येतात. अशा रीतीनें एकटा वादक आपलाच साथीदार बनतो. आमच्या संगीत नाटकांतील ऑर्गनवालाही पाय चालवीतच असे. परंतु तेथें पायाचें काम भात्यास वारा पुरविण्याचें होतें. येथें पायास सम गांठावी लागते, आणि ती क्षणभर चुकली तर ती चूक पुढच्या प्रत्येक आवर्तनांत परत ऐकूं येते.

या यंत्राचें मूळ शोधूं गेल्यास आपण पॅरिस शहरीं येऊन पोंचतों. तेथील नभोवाणींत काम करणाऱ्या पिएर शेफर या इंजिनियरानें १९४८ सालीं आगगाड्यांच्या आवाजांपासून एक रचना सिद्ध केली, व त्याच वर्षीं ५ ऑक्टोबर रोजीं ती ध्वनिक्षेपित झाली. ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेषा सर्पिल असते; ती आपल्या आपल्याशींच मिटवून वर्तुळाकार केली तर सुई तेथेंच फिरत राहते, या गुणाचा शेफरनें उपयोग केला. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर असें आवर्तन पाऊण सेकंदाहून किंचित्‌च मोठें होतें. परंतु सुईच्या प्रत्येक फेऱ्यानें रेषा खरवडली जाई. पुनरावर्तनाबरोबर झीजही जन्मास आली, ती अशी.

पुढें तबकडीची जागा ध्वनिफितीनें घेतली. १९६३ सालीं पॅरिसमध्येंच टेरी रायली या अमेरिकन संगीतकारासाठीं तेथील एका तंत्रज्ञानें एकच फीत दोन यंत्रांतून ओवून दिली. पहिलें यंत्र स्वर टिपी, दुसरें तो ऐकवी व पुन्हां पहिल्याकडे धाडी. यांतील गणित सोपें आहे. फीत सेकंदास साडेसात इंच धांवत असेल व दोन यंत्रांत पांच फुटांचें अंतर असेल, तर स्वर आठ सेकंदांनीं परत येतो. याच रायलीनें १९७० सालीं किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचें शिष्यत्व पत्करलें. अखंड स्वराचें वेड ज्याला लागलें, तो तंबोऱ्याच्या दाराशीं आला यांत आश्चर्य तें कसलें? रॉबर्ट फ्रिप या इंग्रज गिटारवादकानें हीच रीत ब्रायन ईनो याच्याबरोबर १९७३ च्या ध्वनिमुद्रिकेंत योजिली, आणि १९७९ सालीं तीं दोन यंत्रें घेऊन उपाहारगृहांत व तबकड्यांच्या दुकानांतही एकट्यानें मैफली केल्या.

फितीचा एक धर्म येथें ध्यानांत घेतला पाहिजे. प्रत्येक फेऱ्यागणिक स्वर थोडा अंधुक होई, त्याच्या कडा बोथट होत, व अखेर तो नव्या स्वरांखालीं विरून जाई. विल्यम बासिन्स्की हा १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांतील आपल्या जुन्या फिती २००१ सालीं अंकीय रूपांत उतरवूं लागला, तेव्हां त्यांवरील चुंबकीय लेप फिरतां फिरतां गळून पडूं लागला. त्या गळतीचें ध्वनिमुद्रण हीच त्याची प्रसिद्ध कृति ठरली. झीज येथें कानास ऐकूं येत होती, आणि कलावंतास तिचा उपयोगही करतां येत होता.

अंकीय पेट्या आल्या व हें सर्व पालटलें. १९९४ सालच्या लेक्सिकॉन कंपनीच्या पेटींत मूळचीं आठ सेकंदें मावत. २००१ सालीं बॉस कंपनीनें साडेपांच मिनिटांची सोय केली. केटी टन्स्टॉल या स्कॉटिश गायिकेनें २००४ सालीं बीबीसीवर एकटीनें या साधनाचें सामर्थ्य दाखविलें, आणि २०१५ च्या जुलैंत एड शीरन यानें लंडनच्या वेंब्ली मैदानांत लागोपाठ तीन रात्रीं तेंच केलें. आतां हजाराव्या फेऱ्यासही स्वर पहिल्याइतकाच ताजा राहतो. मग झीज नाहींशी झाली काय? नाहीं, ती कानाकडून पायाकडे गेली. बुटाखालीं रोज दाबली जाणारी कळ ढिली होते, तिचे संपर्क मळतात. मग ती कधीं दाब ओळखीत नाहीं, तर कधीं एका दाबास दोन समजते. स्वर विरत नाहीं; तो ऐन मैफलींत एकाएकीं तुटतो.

अशा वेळीं नवी पेटी आणावी, हा सल्ला वरवर पाहतां निर्विवाद वाटतो. परंतु सर्व पेट्यांचें वळण एक नसतें. कांहींत दुसऱ्या दाबानें नुसतें वादन सुरू होतें, तर कांहींत लगेच नवा थर टिपला जाऊं लागतो. कांहीं तत्काळ थांबतात, कांहीं आवर्तन पुरें करून. ज्यानें दहा वर्षें एका क्रमानें पाय टाकला, त्याच्या रचनाच त्या क्रमावर उभ्या असतात. त्याच्या हातीं नवी पेटी देणें म्हणजे गायकाची पट्टी त्याला न विचारतां बदलण्यासारखें आहे.

म्हणून आमच्या मतें न्याय तंबोऱ्याचाच लावावा. तार बदलावी, भोपळा राखावा. केवळ कळ गेली असेल तर कळच नवी बसवावी. पेटीच बदलणें प्राप्त झालें, तर सोयींची लांबलचक यादी पाहून नव्हे, तर आपल्या पायास विचारून ती निवडावी; आणि जुनी अगदीं बंद पडण्यापूर्वींच नवीवर रियाज सुरू करावा. मोडकळीस आलेल्या यंत्रास केवळ ममतेनें कवटाळून बसणें हा श्रोत्यांवर अन्याय होय. परंतु नव्याच्या भरांत पायाची विद्या गमावणें, हा स्वतःवर होय. यंत्र दुकानांत मिळतें. तें चालविणारी संवय मात्र ज्याची त्यासच पुन्हां घडवावी लागते.