कॅबरे: एका खोलीचा प्रवास

गॅदरिंगमधला एखादा नाच भडक वाटला की ‘हा काय कॅबरे लावलाय?’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. मला ते दर वेळी खटकतं. मुळात कॅबरे हा नाच नव्हेच, ती जागा आहे.

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘कामेरा’, म्हणजे कमानदार छताची खोली. उत्तर फ्रान्सच्या पिकार्ड बोलीत तिची ‘छोटी खोली’ झाली आणि डच भाषेला वळसा घालून ती फ्रेंचमध्ये आली ती दारूचा गुत्ता होऊन. कॅमेरा तिचाच वंशज. पोर्तुगिजांबरोबर आलेला हिंदीतला ‘कमरा’ही.

या गुत्त्याला कलेचं घर केलं पॅरिसच्या मोंमार्त्रने. १८८१ मध्ये रोदोल्फ सालीसने तिथे ‘ल शा न्वार’ उघडलं आणि कवी, गायक, चित्रकार एका छताखाली जमू लागले. १८८९ मध्ये ‘मुलाँ रूज’ आलं. तिथल्या ला गुल्यू या नर्तकीला चित्रकार तुलूझ-लोत्रेकने १८९१ च्या पोस्टरवर आणलं.

आपल्याकडे कॅबरे हा शब्द हिंदी सिनेमातून, हेलनच्या नृत्यांबरोबर रुळला. जागा गळाली, नाच तेवढा उरला. पॅरिसचं मुलाँ रूज आजही स्वतःला अभिमानाने कॅबरे म्हणवतं. आपणही हा शब्द शिवीसारखा वापरणं सोडून द्यावं.