व्हीआर हेडसेट घरी आणण्यापूर्वी खोली मोजा, पंखा पाहा

कोलकाता, १८ डिसेंबर : नाताळच्या तोंडावर पार्क स्ट्रीटवर रोषणाई झाली की चांदनी चौक मेट्रो स्थानकाभोवतीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातही गर्दी वाढू लागते. मोबाइल आणि गेम कन्सोल यांच्या जोडीने तेथे आता आभासी वास्तवाच्या, म्हणजेच व्हीआरच्या हेडसेटची चौकशी होते. काहीशे रुपयांच्या प्लास्टिकच्या खोक्यापासून पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या संचापर्यंत सर्व काही ‘व्हीआर’ याच नावाने विकले जाते. ग्राहकाचा पहिला प्रश्न बहुधा चित्र किती स्पष्ट दिसते, हा असतो. मात्र हे यंत्र महिन्याभराने कपाटात जाणार की वर्षभर वापरले जाणार, हे ठरते ते घरातील मोकळ्या जागेवर, वापरणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि ज्या कंपनीच्या दुकानातून खेळ घ्यायचे तिच्या धोरणावर.

मूळ तत्त्व जुने आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपद्वारे दाखवून दिले. आजच्या हेडसेटमध्ये त्याला हालचाल टिपणाऱ्या संवेदकांची आणि कॅमेऱ्यांची जोड मिळाली आहे. मान वळवली की दृश्यही वळते. किती हालचाल टिपली जाते, हाच स्वस्त आणि महाग यंत्रांतील खरा फरक आहे.

गुगलने २०१४ मध्ये आणलेला पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ आणि जिओने २०२३ मध्ये १,२९९ रुपयांत आणलेला ‘जिओडाइव्ह’ ही मोबाइल आत बसवून वापरायची साधने आहेत. त्यांत मान कोणत्या दिशेला वळली एवढेच कळते. माणूस पुढे झुकला, खाली वाकला किंवा एक पाऊल सरकला, हे कळत नाही. क्रिकेट सामन्याचे किंवा एखाद्या स्थळाचे सर्व बाजूंनी टिपलेले चित्रण पाहण्यासाठी ती पुरेशी आहेत. खेळ खेळण्यासाठी ती घेऊ नयेत. मुलाला अशा खोक्यात मळमळले म्हणून व्हीआर त्याला मानवत नाही, असा निष्कर्षही काढू नये. मॉलमधील हलत्या खुर्चीवरच्या ‘रोलर कोस्टर’बाबतही हेच म्हणता येईल.

घरगुती खेळांसाठी सध्या सर्वाधिक चौकशी असते ती मेटा कंपनीच्या ‘क्वेस्ट’ मालिकेची. (पार्क सर्कसजवळ याच नावाचा मॉल असल्याने कोलकात्यात ‘क्वेस्ट कुठे मिळेल’ हा प्रश्न जपून विचारावा लागतो.) याला संगणक किंवा कन्सोल लागत नाही, प्रोसेसर, बॅटरी आणि कॅमेरे डोक्यावरच्या यंत्रातच असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला ‘क्वेस्ट ३’ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला स्वस्त ‘क्वेस्ट ३ एस’ यांचा प्रोसेसर एकच असल्याने खेळही बहुतांशी तेच चालतात. फरक भिंगांचा आहे. ‘क्वेस्ट ३’मध्ये ‘पॅनकेक’ प्रकारची पातळ भिंगे आणि प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ गुणिले २२०८ बिंदूंचा पडदा आहे. ‘३ एस’मध्ये वलयांची फ्रेनेल भिंगे आणि १८३२ गुणिले १९२० बिंदू आहेत. अक्षरे वाचताना किंवा चित्रपट पाहताना हा फरक जाणवतो, गाण्याच्या तालावर हात चालवताना फारसा नाही. अमेरिकेत बाजारात आले तेव्हा या दोन संचांच्या मूळ किमती अनुक्रमे ५०० आणि ३०० डॉलरच्या घरात होत्या. खेळापुरताच वापर असेल, तर स्वस्त संच घेऊन उरलेले पैसे खेळांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे.

सोनीचा ‘प्लेस्टेशन व्हीआर २’ फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभर आणि त्या वर्षअखेरीस भारतात ५७,९९९ रुपयांना दाखल झाला. त्याचे चित्र उत्तम आहे, पण तो तारेने प्लेस्टेशन ५ ला जोडावा लागतो. ते कन्सोल घरात आधीपासून नसेल, तर खर्च दुपटीकडे जातो. ऑगस्ट २०२४ पासून स्वतंत्र जोडणी घेऊन तो संगणकावरही चालवता येतो. ज्यांच्याकडे चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक आहे, त्यांना क्वेस्टही तारेने किंवा वायफायने त्याला जोडता येतो. ॲपलचा ‘व्हिजन प्रो’ आणि सॅमसंगचा ‘गॅलेक्सी एक्सआर’ यांच्या किमती हजार डॉलरच्या बऱ्याच पुढे असल्याने घरगुती खेळांच्या चर्चेत त्यांना स्थान नाही.

तार नको असेल, तर डोळ्यांपर्यंतचे चित्र हवेतून पाठवावे लागते. २०१८ मध्ये एचटीसीने आपल्या ‘व्हाइव्ह’साठी काढलेली बिनतारी जोडणी त्यासाठी ६० गिगाहर्ट्झची लहर वापरत होती. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मिलिमीटर लांबीच्या लहरींवर जे प्रयोग केले, त्यांची मजल याच टप्प्यापर्यंत गेली होती. खेळण्याच्या बाजारात उभे असताना हे आठवायला हरकत नसावी.

खोली आणि पंखा

उभे राहून, पावले टाकत खेळण्यासाठी साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद अशी मोकळी जागा असावी, असे मेटा आणि सोनी दोघेही सांगतात. कागदावर ही जागा लहान वाटते. कोलकात्यातील किंवा मुंबई-पुण्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत सोफा, टीपॉय, टीव्हीचे कपाट आणि देव्हारा वगळून तेवढी जमीन मोजायला गेल्यावर तिची किंमत कळते. म्हणून हेडसेट मागवण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन जमिनीवर खडूने चौकोन आखावा आणि त्यात उभे राहून दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरून पाहावे. चौकोन बसत नसेल, तर बसून किंवा एका जागी उभे राहून खेळायचे खेळ निवडावेत. असे चांगले खेळ पुष्कळ आहेत.

परदेशी मार्गदर्शिकांत न आढळणारी एक गोष्ट म्हणजे छताचा पंखा. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर असते. पंखा छतापासून तीस सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर त्याची पाती सुमारे २.४५ मीटरवर फिरतात. मध्यम उंचीच्या माणसाचा वर केलेला हात २.१ मीटरच्या आसपास पोहोचतो. हातात कंट्रोलर असेल आणि चेंडू पकडण्यासाठी त्याने उडी मारली, तर अंतर संपलेच. उत्तर कोलकात्यातील जुन्या वाड्यांत, जेथे छत उंच आणि पंख्याची दांडी लांब असते, तेथेही पात्यांची उंची मोजूनच घ्यावी. हेडसेटमधील सीमारेषा जमिनीवर आखली जाते, तिला छत माहीत नसते. पंखा बंद ठेवून टेबलफॅन चौकोनाच्या बाहेर लावणे हा सोपा उपाय आहे. वाऱ्याचा झोत एकाच बाजूने येत राहिल्याने आपले तोंड कोणत्या दिशेला आहे, हेही खेळणाऱ्याला कळत राहते.

डोळे, कान आणि वय

दोन बाहुल्यांमधील अंतर प्रौढांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते आणि ते चष्म्याच्या दुकानात काही क्षणांत मोजून मिळते. ‘क्वेस्ट ३ एस’ची भिंगे ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच ठिकाणी बसतात; ‘क्वेस्ट ३’मध्ये चक्री फिरवून ती मधल्या अंतरांवरही आणता येतात. ज्यांचे माप या तीन आकड्यांपासून दूर आहे किंवा घरातील चार माणसे आळीपाळीने खेळणार आहेत, त्यांच्यासाठी महाग संचाची ही एक गोष्ट खरोखर पैसे देण्याजोगी आहे. चष्मा असणाऱ्यांनी तो घालूनच हेडसेट लावून पाहावा. चष्म्याची काच भिंगावर घासली, तर चरा भिंगावरच पडतो.

मळमळण्याचे कारण कानात आहे. डोळे सांगतात की आपण धावत आहोत, अंतर्कर्ण सांगतो की शरीर स्थिर आहे, आणि या विसंवादाचा त्रास पोटाला होतो. त्यामुळे ज्या खेळात प्रत्यक्ष पाऊल टाकल्यावरच दृश्य सरकते, तो सोसतो. कंट्रोलरची दांडी ढकलून धावायचा खेळ नवशिक्याला सोसत नाही. मेटाच्या दुकानात खेळांवर ‘आरामदायी’, ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ अशा अर्थाचे शेरे असतात. पहिला महिना पहिल्या शेऱ्यापुरताच मर्यादित ठेवावा. मळमळू लागताच हेडसेट काढावा. नेटाने खेळत राहिल्यास सवय होण्याऐवजी धास्ती बसते. डोळ्यांचा ताण वेगळा असतो. दृश्यातील वस्तू जवळ आली तरी भिंगातून दिसणारा पडदा एकाच ठराविक अंतरावर राहतो, म्हणून बुबुळे आत वळतात पण नजरेची जुळणी बदलत नाही. दर अर्ध्या तासाने दहा-पंधरा मिनिटे विश्रांती घ्यावी, हा कंपन्यांचाच सल्ला आहे. फिट येण्याचा पूर्वेतिहास असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे यंत्र वापरू नये.

सोनीने बारा वर्षांखालील मुलांसाठी आपला हेडसेट नसल्याचे स्पष्ट केले आहे. मेटाने २०२३ पासून दहा ते बारा वर्षांच्या मुलांना पालकांच्या देखरेखीखालील खाते दिले आहे. तेरापासून पुढे किशोरवयीनांचे खाते असते. वय खोटे टाकून मोठ्यांचे खाते मुलाच्या हाती देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि येथे ती महागात पडू शकते. ‘गोरिला टॅग’सारख्या लोकप्रिय खेळांत अनोळखी माणसांशी थेट आवाजात बोलणे होते, आणि बाहेरच्या माणसाला त्यातले काहीच दिसत नाही. हेडसेटचे चित्र मोबाइलवर किंवा टीव्हीवर दाखवण्याची सोय असते. मूल खेळत असताना ती चालूच ठेवावी.

खेळ कोणते

पहिला खेळ ‘बीट सेबर’ असावा, याबद्दल फारसे मतभेद नाहीत. चेक प्रजासत्ताकातील प्राग येथे तयार झालेल्या आणि २०१८ मध्ये आलेल्या या खेळात समोरून येणारे ठोकळे तालावर कापायचे असतात. शरीर जागेवर असल्याने मळमळत नाही, नियम सांगावे लागत नाहीत, आणि आजीपासून नातवापर्यंत कोणालाही दोन मिनिटांत जमतो. ‘जॉब सिम्युलेटर’ विनोदी आहे आणि मुलांना आवडतो. ‘मॉस’ बसून खेळायचा; त्यातल्या उंदराच्या पिल्लाला वाट दाखवत गोष्ट पुढे न्यायची असते. अडचणीच्या खोलीत हा उत्तम. दूरगावच्या मित्रांशी गप्पा मारत खेळायला ‘वॉकअबाउट मिनी गोल्फ’ची शिफारस करता येईल.

बंगालमध्ये टेबल टेनिसची परंपरा मोठी आहे. त्या खेळाची जाण असणाऱ्यांना ‘इलेव्हन टेबल टेनिस’मधील चेंडूची फिरकी ओळखीची वाटेल. एकच धोका : टेबल इतके खरे वाटते की डाव संपल्यावर माणूस सवयीने त्यावर हात टेकायला जातो आणि तोल जाऊन पडतो. क्रिकेटसाठी हैदराबादच्या प्रोयुगा कंपनीने २०१८ मध्ये आणलेला ‘आयबी क्रिकेट’ आहे. बॅट फिरवायची असल्याने त्याला चौकोन पूर्ण मोकळा हवा. ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’ हा २०२० मधील खेळ आजही या माध्यमातील सर्वोत्तम कामांत गणला जातो, पण त्याला समर्थ संगणक लागतो आणि तो मुलांसाठी नाही. ‘ग्रान टुरिस्मो ७’मधील मोटारशर्यत प्लेस्टेशनचा हेडसेट घेण्याचे सबळ कारण ठरू शकते; वळणावर पोटात कालवते, एवढे लक्षात ठेवावे. खेळांपलीकडे, ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँकचे लपण्याचे घर दाखवणारा विनामूल्य कार्यक्रम शाळकरी मुलांसोबत एकदा तरी पाहावा.

खेळ आवडला नाही, तर मेटा आणि स्टीम या दुकानांत खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असल्यास पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात मात्र खेळ उतरवून घेण्यास सुरुवात केली की हा हक्क संपतो. तेथे आधी नमुना-आवृत्ती आहे का, ते पाहावे.

दुकान बंद झाले तर

हेडसेट घेणारा प्रत्यक्षात एका कंपनीच्या दुकानाशी बांधला जातो, आणि या क्षेत्रात दुकाने फार लवकर आवरली जातात. गुगलने ‘डेड्रीम’ २०१९ मध्ये थांबवले. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या ‘क्वेस्ट’चे सुरक्षा-सुधार २०२४ मध्ये बंद झाले. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीतून ‘मिक्स्ड रिॲलिटी’ काढून टाकले, आणि त्यावर अवलंबून असलेले एचपीसारख्या कंपन्यांचे चांगल्या स्थितीतील हेडसेट नव्या विंडोजवर चालेनासे झाले. मेटाच्या मालकीच्या ‘बीट सेबर’ला प्लेस्टेशनवर नवी गाणी मिळणे २०२५ च्या जूनपासून थांबले. जुन्या बाजारात हे संच स्वस्तात दिसतात, ते याच कारणाने. वापरलेला हेडसेट घ्यायचाच असेल, तर विक्रेत्यासमोर तो मूळ स्थितीत आणून आपल्या खात्याने सुरू करून पाहावा. आधीच्या मालकाचे खाते सुटले नाही, तर यंत्र हाती येऊनही निरुपयोगी ठरते.

बिल आणि दमट हवा

क्वेस्टचे अनेक संच भारतात आयातदारांमार्फत आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडून येत आले आहेत. त्यामुळे ‘एक वर्षाची वॉरंटी’ म्हणजे कंपनीची की दुकानदाराची, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. जीएसटी क्रमांक असलेले बिल आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक हवाच. खोक्यातील चार्जरची पिन दोन चपट्या पट्ट्यांची असेल, तर संच अमेरिकेच्या बाजारासाठीचा आहे, हे ओळखावे. तो चालेल, पण बिघडल्यास येथे कोण बघणार, हा प्रश्न उरतो.

उन्हात हेडसेट ठेवू नये. खिडकीतून आलेला किरण भिंगातून एकवटून काही क्षणांत पडद्यावर कायमचा डाग पाडतो. कोलकाता असो वा कोकण, पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागते, हे छायाचित्रकारांना ठाऊक आहे. हेडसेटची भिंगेही त्याच जातीची आहेत. खेळून झाल्यावर घामाने ओली झालेली तोंडाची गादी काढून सुकवावी, भिंगे कोरड्या मऊ कापडाने पुसावीत, स्पिरिट लावू नये, आणि संच झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. जून ते ऑक्टोबरदरम्यान या पुड्या दर काही आठवड्यांनी बदलाव्यात.