कामावर जायची गाडी आणि माल ओढायची गाडी : पांडेसऱ्यातल्या आपल्या चाकांचा इतिहास



गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्या ग्रुपातल्या चार-पाच तरुणांनी मला एकच प्रश्न विचारला. "काका, रोज मिलमध्ये जायलाही चालेल आणि सुटीच्या दिवशी मालही ओढेल अशी पिकअप घ्यायची आहे. कोणती घेऊ?" मी गाड्यांचा जाणकार नाही. मी बी.कॉम. झालेला, बँकेत अडतीस वर्षं काढलेला माणूस. त्यातली बरीच वर्षं सुरतेत गेली आणि टेम्पोच्या कर्जाचे अर्ज मी शेकड्यांनी पाहिले. तेव्हा उत्तराच्या आधी थोडा इतिहास सांगतो. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आपण खानदेशी माणसं सुरतेला आलो ती रेल्वेनं. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० साली सुरत ते अमळनेर सुरू झाली आणि नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा हा सगळा मुलूख उधन्याला जोडला गेला. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत सुरतेत यंत्रमाग वाढले, पांडेसऱ्यात जीआयडीसी उभी राहिली, रंगाई-छपाईच्या मिला आल्या. दुष्काळात शेत हातचं गेलेला माणूस पॅसेंजरनं उधन्याला उतरायचा, गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी बारा तासांच्या पाळीला उभा राहायचा. त्याच्याकडे वाहन म्हणजे सायकल. तीही जुन्या बाजारातली, कॅरिअर मजबूत असलेली. कारण त्याच कॅरिअरवर सकाळी डबा आणि संध्याकाळी रॉकेलचा कॅन यायचा. म्हणजे कामावर जायला आणि ओझं वाहायला एकच गाडी, ही कल्पना आपल्याकडे पिकअपच्या फार आधीची आहे.

कापडाचा माल मात्र सायकलवर मावत नाही. मागावरून उतरलेलं कोरं कापड, ज्याला सुरतेत ग्रे म्हणतात, त्याचे ताके मिलमध्ये जायचे. रंगून-छापून रिंगरोडच्या मार्केटात जायचे. तिथून पार्सलं बांधून ट्रान्सपोर्टला. एकच कापड शहरात तीन-चार वेळा इकडून तिकडे फिरतं. ही फिरवाफिरव आधी हातगाडीवर, म्हणजे इथल्या बोलीत लारीवर व्हायची. मग आला टेम्पो.

'टेम्पो' हा शब्द आपण इतका घरचा केला आहे की तो मूळचा एका कंपनीचा आहे हे कोणाच्या ध्यानातही नसतं. जर्मनीत हाम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचं ते नाव. त्यांची हानझेआट नावाची तीनचाकी आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनीनं बनवायला घेतली. ही कंपनी १९५८ ची, फिरोदियांची. पुढे एक चाक, मागे दोन, नाक पुढे आलेलं, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आला की घरातली पोरं जागी व्हायची. ती गाडी वळायची मात्र जागच्या जागी. मागांच्या बोळांत दुसरं काही शिरतच नव्हतं.

आता बँकेचा भाग. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि छोट्या वाहतूकदाराला कर्ज देणं अग्रक्रम क्षेत्रात आलं. त्याआधी टेम्पोवाल्याला पैसा मिळायचा तो खासगी फायनान्सवाल्याकडून, आणि व्याज विचारायची सोय नव्हती. १९८३ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांसाठी २५,००० रुपयांपर्यंतच्या कर्जाची केंद्राची योजना आली, १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना आली. माझ्या टेबलासमोर अमळनेर, शिरपूर, साक्रीकडची पोरं अर्ज घेऊन बसायची. मी मराठीत बोललो की ती एकदम अहिराणीवर यायची. "साहेब, गाडी लेवानी शे, हप्ता मी भरसू." त्या एका वाक्यात केवढा भरवसा असायचा!

तेव्हा मॅटाडोरचा जमाना होता. चार चाकं, डिझेल इंजिन, आणि सपाट तोंड. ही गाडी आठवडाभर ताके वाहायची आणि लग्नसराईत मागे सतरंजी टाकून वऱ्हाड घेऊन नवापूर ओलांडायची. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसांनी सुरत सोडली, तेव्हा रेल्वेत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या आठवड्यात कापडाच्या टेम्पोंतूनच कितीतरी कुटुंबं गावी पोहोचली. ज्याच्या दारात टेम्पो, तो गल्लीचा आधार, हे मी तेव्हा पाहिलं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याच्या हलक्या मालगाड्या आल्या : डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. त्यांना तोंड द्यायला टाटांनी १९८६ मध्ये ४०७ काढली. चारशेसात टिकली, बाकीच्यांतल्या काहींची नावंही आज नव्या पोरांना माहीत नाहीत. पण ती धंद्याची गाडी होती. ती चालवायची तर नोकरी सोडावी लागे. १९८८ मध्ये टाटा मोबाइल आली, ती आपल्या देशातली सुरुवातीची खरी पिकअप. पुढे मोटारीसारखी केबिन, मागे हौदा. पांडेसऱ्यात ती मजुराच्या नव्हे, कारखानदाराच्या दारात दिसायची.

मग आलं २००५. त्या वर्षी बजाज टेम्पो कंपनीनं स्वतःच्या नावातून 'टेम्पो' काढून टाकलं आणि ती फोर्स मोटर्स झाली. त्याच वर्षी मे महिन्यात टाटांची एस आली. गिरीश वाघ यांच्या चमूनं ती घडवली. दोन सिलिंडरचं सुमारे ७०० सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल, किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिचं नाव ठेवलं छोटा हाथी. तीनचाकीच्या किमतीच्या जरा वर चार चाकं मिळाली. आणि एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नव्हती : चार चाकांच्या मालकाला सोयरीक चांगली येते. हसू नका, मी हे कर्जदारांच्या तोंडून ऐकलं आहे.

इथून आपल्या प्रश्नाला खरी सुरुवात होते. छोटा हाथी परवडू लागल्यावर मिलमधल्या मास्तरला, जॉबरला वाटू लागलं की नोकरी ठेवून गाडीही ठेवता येईल. सकाळी तिच्यातूनच कामावर जाऊ, सुटल्यावर दोन फेऱ्या मारू. कागदावर हिशेब सुंदर दिसतो. पण बारा तासांची पाळी आहे. तुम्ही आत असता तेव्हा गाडी मिलच्या फाटकाबाहेर बारा तास उभी असते, आणि माल नेमका त्याच वेळात हलतो. तुम्ही सुटता तेव्हा मार्केट मिटायला लागलेलं असतं. अडचण गाडीच्या ताकदीची नाही, घड्याळाची आहे.

साधं उदाहरण घ्या. ५ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता महिन्याला साधारण १०,६०० रुपये. विमा, कर, फिटनेस, टायर, दुरुस्ती यांचे महिन्याला ४,००० धरा. झाले १४,६००. डिझेल वजा जाता एका फेरीत ३५० रुपये उरतात असं समजू. म्हणजे नुसतं बरोबरीत यायला महिन्याला ४२ फेऱ्या हव्यात. दिवसभर गाडीवर असलेल्याला हे काहीच नाही. पाळी करून आलेल्याला रोज दीड फेरी म्हणजे झोपेतली कपात. आणि झोप मोडलेला माणूस स्टिअरिंगवर असला की त्याचा खर्च कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

माझ्या पाहण्यात ज्यांचे हप्ते कधी चुकले नाहीत, त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. ते दोघे असायचे. दोन भाऊ, किंवा मेहुणे-शालक. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला. गाडी एक, हात चार. ती उभी राहायचीच नाही. तेव्हा कोणती गाडी घेऊ हे विचारण्याआधी दिवसा ती कोण चालवणार, हे घरात विचारा.

दुसरा मुद्दा माणसं बसवण्याचा. इथं मला एक घटना सांगायची आहे. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब लग्नाला गावी निघालं. छोट्या मालगाडीच्या हौद्यात बायका-मुलं बसलेली. कोंडाईबारीच्या उतारावर गाडी उलटली. एक बाई गेली, दोघं जायबंदी झाले. विमा चालू होता, हप्ता भरलेला होता. तरी विमा कंपनीनं मागच्या माणसांची भरपाई नाकारली. कायद्यानं तिचं बरोबर होतं. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो. फुकट बसवलेला पाहुणा येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं आधीच्या एका निकालात अशा प्रवाशांनाही संरक्षण आहे असं म्हटलं होतं, पण २००२ च्या डिसेंबरात आशा राणी प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते मत बदललं. भरपाईचा बोजा गाडीमालकावर, म्हणजे घरातल्याच माणसावर आला. बायको गेली, आणि तिच्या बहिणीच्या दवाखान्याचं बिल भरायला गाडी विकावी लागली. त्या घरातल्या माणसाशी बोलताना माझ्याकडे शब्द नव्हते.

म्हणून ज्यांना घरची माणसंही न्यायची आहेत, त्यांनी दुहेरी केबिनची गाडी पाहावी. महिंद्राची बोलेरो कँपर त्यातली आपल्याकडे जास्त दिसणारी : चालकासह पाच जण केबिनमध्ये, मागे सुमारे एक टन माल. पण शोरूममध्ये बसूनच आरसीवर किती आसनं लागणार आणि पॉलिसीत किती माणसं धरली आहेत हे वाचून घ्या. २०१६ ची इसुझू व्ही-क्रॉस, २०२२ ची टोयोटा हायलक्स या खासगी नोंदणीत मिळणाऱ्या दणकट पिकअप आहेत, ओढायला उत्तम. पण त्यांची किंमत पाहता त्या हौशी शेतवाल्याच्या किंवा कारखानदाराच्या. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाड्याचा माल वाहिला तर परवाना आणि विमा दोन्ही अंगाशी येतात, हेही ध्यानात ठेवा.

कायद्याच्या दोन सोयी मात्र आपल्या बाजूच्या आहेत. मालगाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. पिकअपची मोठी मॉडेलं या रेषेच्या वर जातात, तेव्हा आकडा बघून घ्या. आणि ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते; सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आता ओढण्याबद्दल. आपल्याकडे ओढणं म्हणजे बहुतेक वेळा टोचन. बंद पडलेली गाडी दोरानं बांधायची आणि घ्यायची गॅरेजला. छोट्या हाथीनं भरलेली चारशेसात ओढायचा पराक्रम करू नका. क्लचप्लेट जाते आणि उतारावर मागची गाडी पुढचीला ढकलत नेते. मागच्या गाडीतही चालक बसलेला हवा, दोन गाड्यांतलं अंतर पाच मीटरच्या आत हवं. जनरेटरची किंवा काँक्रीट मिक्सरची ट्रॉली नेहमी ओढायची असेल तर कंपनीनं ओढण्याचं वजन किती दिलं आहे ते लेखी घ्या. हौद्यात एक टन मावतो याचा अर्थ मागे एक टन ओढता येतो असा होत नाही.

राहिलं रोज कामावर जाणं. २०१४ मध्ये उधना दरवाजा ते सचिन ही बीआरटीएस सुरू झाली, ती आपल्या पांडेसऱ्यावरूनच जाते. बस आहे, मोटारसायकल आहे. एका माणसाला मिलमध्ये पोहोचवायला टनभराची गाडी पेटवणं हे मला आजही पटत नाही. माझं मत विचाराल तर असं : कामावर मोटारसायकलनं जा. मालाची गाडी घ्यायची तर ती दिवसभर चालवणारा घरचा माणूस आधी ठरवा. माणसं न्यायची तर दुहेरी केबिन घ्या, नाहीतर हौद्यात कोणालाही बसवू नका, मग तो सख्खा मामा का असेना. मुद्रा योजनेत कर्ज मिळतं म्हणून गाडी घेऊ नका. भाडं बांधलेलं आहे म्हणून घ्या.

आपल्या ग्रुपात जुने टेम्पोवाले बरेच आहेत. तीनचाकीचा पहिला हप्ता, मॅटाडोरमधलं वऱ्हाड, प्लेगच्या वेळची ती फेरी, जे आठवतं ते खाली लिहा. फोटो असेल तर टाका. आणि माझ्या हिशेबात कुठे कमी-जास्त वाटलं तर तेही बिनधास्त सांगा. गाडीवर बसून काढलेला आकडा टेबलावर काढलेल्या आकड्यापेक्षा केव्हाही खरा.