माइंड आहार

माइंड आहार ही उतारवयात स्मरणशक्ती व विचारशक्ती टिकून राहावी, या उद्देशाने आखलेली आहारपद्धती आहे. भूमध्य सागराच्या परिसरातील पारंपरिक आहार आणि उच्च रक्तदाबावरील 'डॅश' आहार यांच्या आधारे ती तयार करण्यात आली. अमेरिकेतील शिकागो येथील रश विद्यापीठातील संशोधिका मार्था क्लेअर मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ती मांडली.

स्वरूप

या पद्धतीत १५ अन्नगट असून त्यांपैकी १० हितकारक मानले आहेत. पालेभाज्या, इतर भाज्या, कठीण कवचाची फळे, बेरीवर्गीय फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे, कोंबडीचे मांस, ऑलिव्ह तेल आणि मर्यादित प्रमाणात वाइन हे ते गट होत. तांबडे मांस, लोणी, चीज, गोड पदार्थ आणि तळलेले पदार्थ हे ५ गट कमी खावेत, असे सुचवले आहे. पालेभाज्या आठवड्यातून किमान ६ वेळा खाणे अपेक्षित आहे. फळांपैकी केवळ बेरीवर्गीय फळांचा स्वतंत्र समावेश हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे.

संभाव्य कार्यपद्धती

शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेत एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांचे आरोग्य त्याच्यासाठी महत्त्वाचे ठरते. पालेभाज्यांतील फोलेट व ल्यूटीन, तसेच कठीण कवचाच्या फळांतील ई जीवनसत्त्व यांमुळे पेशींचे संरक्षण होत असावे, असे मानले जाते.

संशोधन

शिकागो परिसरातील ५८ ते ९८ वर्षे वयाच्या ९२३ व्यक्तींचे सरासरी साडेचार वर्षे निरीक्षण करण्यात आले. हा आहार सर्वाधिक काटेकोरपणे पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमर रोगाचे प्रमाण ५३ टक्क्यांनी, तर मध्यम प्रमाणात पाळणाऱ्यांमध्ये ३५ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र अशा निरीक्षणातून केवळ परस्परसंबंध दिसतो. कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. चांगला आहार घेणाऱ्या व्यक्तींचे शिक्षण, व्यायाम व आर्थिक स्थिती यांचाही परिणाम त्यात मिसळलेला असू शकतो.

हा प्रश्न तपासण्यासाठी ६०४ ज्येष्ठांवर ३ वर्षांची नियंत्रित चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. एका गटाने माइंड आहार, तर दुसऱ्याने नेहमीचा आहार घेतला. दोन्ही गटांचे उष्मांक किंचित कमी करण्यात आले होते. दोन्ही गटांची बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी सुधारली. मात्र त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

मर्यादा

आहाराचा परिणाम दिसण्यास ३ वर्षांचा काळ अपुरा असू शकतो. उपलब्ध पुराव्यांनुसार हा आहार स्मृतिभ्रंशावरील उपचार किंवा त्यापासून बचावाची हमी ठरत नाही.